ऑटोमॅटिक की मॅन्युअल? मुन्शी घाटावर आलेला एक प्रश्न

तुमच्या घरात सिगारेट ओढणारं कुणी असेल आणि परदेशात राहणारंही कुणी असेल, तर हा प्रश्न आज ना उद्या तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर येणार आहे. आमच्याकडे तो काशीत आला, मुन्शी घाटाच्या पायऱ्यांवर.

काशीला जाऊन आला असाल तर दशाश्वमेध घाटाची गर्दी तुम्हाला माहीत आहे. तिथून दक्षिणेकडे चालू लागलं की आधी अहिल्याबाईंचा घाट लागतो आणि त्याला लागूनच मुन्शी घाट. वर उंच दगडी महाल, खाली अरुंद पायऱ्या. नागपूर संस्थानचे मंत्री श्रीधर नारायण मुन्शी यांनी हा घाट बांधवला, त्यांच्याच नावाने तो ओळखला जातो. पुढे तो दरभंग्याच्या महाराजांकडे गेला, आणि आता त्या महालात मोठं हॉटेल आहे. आम्ही नागपूरचे, त्यामुळे नावेवाल्याने ही माहिती दिल्यापासून आमचे मामा घाट आपलाच असल्यासारखे तिथे बसले होते. हातात अर्थातच सिगारेट. मामांची दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली आहे, हेही सांगून ठेवते.

तेवढ्यात इंग्लंडहून मामेभावाचा मेसेज आला. बाबा, सिगारेट सोडा, मी ई-सिगारेट घेऊन येतो, फक्त बॅटरी ऑटोमॅटिक आणू की मॅन्युअल ते सांगा. मामांनी फोन माझ्याकडे दिला. "तू लिहून राहिली ना इंटरनेटवर. सांग मग, कोणती सांगू त्याला?"

माझं उत्तर होतं, कोणतीच नाही. मामांना ते पटलं नाही, आणि नुसत्या 'नाही'ने कुणालाच पटत नाही. म्हणून त्या संध्याकाळी त्यांना जे समजावून सांगितलं आणि घरी आल्यावर त्यात जी भर पडली, ते सगळं इथे लिहिते आहे. प्रश्न बॅटरीचा आहे, तर सुरुवात बॅटरीपासूनच करू.

बटण असलेली आणि बटण नसलेली

ई-सिगारेट म्हणजे थोडक्यात तीन गोष्टी: एक लिथियम-आयन बॅटरी, एक बारीक तारेचं वेटोळं आणि एक पातळ द्रव. द्रवात प्रॉपिलिन ग्लायकॉल, ग्लिसरिन, वास-चवीची रसायनं आणि बहुतेक वेळा निकोटिन असतं. बॅटरीतून वीज आली की तार तापते, द्रवाचे बारीक तुषार होतात आणि ओढणारा ते आत घेतो. सगळे याला वाफ म्हणतात, पण चहाची वाफ आणि हे तुषार यांचा काही संबंध नाही. तंबाखू जळत नाही, त्यामुळे राख नाही आणि डांबरासारखा चिकट थरही नाही. ही कल्पना तशी जुनी आहे. अमेरिकेत हर्बर्ट गिल्बर्ट यांनी १९६३ साली अशा बिनधुराच्या सिगारेटच्या पेटंटसाठी अर्ज केला होता, पण ती बाजारात आली नाही. आजची ई-सिगारेट आली ती चीनमधल्या होन लिक या फार्मासिस्टकडून, २००३ च्या सुमारास.

आता फरक बघा. मॅन्युअल बॅटरीला बाजूला एक छोटं बटण असतं. ते दाबून धरलं की तार तापते, सोडलं की थांबते. बऱ्याच बॅटऱ्यांना झटपट पाच वेळा बटण दाबून बंद-चालू करायची सोय असते, म्हणजे खिशात चुकून दाबली गेली तरी ती पेटू नये. आठ-दहा सेकंदांच्या वर कुणी बटण धरून ठेवलं तर वीज आपोआप तोडणारंही एक सर्किट चांगल्या बॅटरीत असतं.

ऑटोमॅटिक बॅटरीला बटणच नसतं. आत हवेचा दाब ओळखणारा एक चिमुकला सेन्सर असतो, साधारण आपल्या फोनच्या माइकसारख्या तत्त्वावर चालणारा. तोंडाला लावून ओढलं की आतला दाब किंचित कमी होतो, सेन्सरला ते कळतं आणि वीज सुरू होते. टोकाला एक बारीक दिवा लागतो, जणू खरीच सिगारेट पेटली आहे. सिगारेट सोडू पाहणाऱ्याला हे ओळखीचं वाटतं, कारण हाताला नवीन काहीच शिकावं लागत नाही.

ज्या देशांत हे कायद्याने विकलं जातं, तिथे दोघांचे गुणदोष असे सांगतात. ऑटोमॅटिक सोपी, हलकी, पण तिचा घास छोटा. सुरुवातीच्या सिगारेटसारख्या दिसणाऱ्या बॅटऱ्या दोन-तीनशे मिलिअँपिअर-तासांच्या असायच्या. तुमच्या हातातल्या फोनची बॅटरी पाच हजारांच्या आसपास असेल, यावरून अंदाज करा. शिवाय सेन्सरला हवा लागते, म्हणून तिला एक छिद्र ठेवावं लागतं. त्या छिद्रातून द्रव आत झिरपला की सेन्सर बिघडतो, आणि मग ती कुणी ओढत नसतानाही पेटून बसू शकते. मॅन्युअल बॅटरी बहुधा बंदिस्त, मोठी आणि जास्त टिकणारी. तार आधी थोडी तापवून मग ओढता येते. काहींत व्होल्टेजही वाढवता येतं, आणि धोका तिथेच सुरू होतो. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंड स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी एका प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात दाखवलं होतं की ३.३ व्होल्टला त्यांना फॉर्मल्डिहाइड सापडलं नाही, पण ५ व्होल्टला तुषारांमध्ये त्याची संयुगं सापडली. इतक्या तापमानाला करपट चव येते, कुणी ओढणारच नाही, अशी टीकाही त्या प्रयोगावर झाली. मला त्यातून एवढंच कळतं की 'यात फक्त वाफ असते' हे वाक्य बटण किती दाबलंय त्यावर अवलंबून आहे.

मामांनी हे सगळं ऐकून लगेच निकाल दिला, "मग मॅन्युअल बरी. आपल्या हातात तरी राहते." इंग्लंडमध्ये राहणाऱ्या माणसाने असं म्हटलं असतं तर मीही कदाचित मान डोलावली असती. पण आम्ही भारतात बसलो होतो.

सुटी बॅटरीसुद्धा नाही

भारत सरकारने १८ सप्टेंबर २०१९ रोजी वटहुकूम काढून ई-सिगारेटवर बंदी घातली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संसदेने त्याचा कायदा केला. उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठवण आणि जाहिरात, सगळं बंद. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलं तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाखांपर्यंत दंड. नुसत्या साठ्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

आपल्या प्रश्नाचं उत्तर या कायद्याच्या एका छोट्या शब्दप्रयोगात आहे. बंदी पूर्ण वस्तूवर आहे, तशीच तिच्या कुठल्याही भागावर आहे. म्हणजे 'मी ई-सिगारेट कुठे आणतोय, नुसती बॅटरी आणतोय' हा बचाव चालत नाही. निकोटिन नसलेला द्रव असला तरीही नाही, कारण व्याख्येतच 'निकोटिन असो वा नसो' असं आहे. ई-हुक्काही त्यातच आला.

आता तुम्ही म्हणाल, ओढणाऱ्याला कुठे शिक्षा आहे? खरंच, नुसतं ओढण्यासाठी वेगळी शिक्षा या कायद्यात लिहिलेली नाही. पण ती वस्तू तुमच्या हातात पोचते कशी? कुणीतरी आणते, कुणीतरी विकते, कुणीतरी कुरिअरने पाठवते. आमच्या बाबतीत तो 'कुणीतरी' म्हणजे बापाच्या काळजीपोटी बॅगेत एक डबी टाकणारा माझा मामेभाऊ असता. विमानतळावर कस्टमच्या टेबलासमोर उभा राहिलेला मुलगा 'भेट आणलीय' म्हणतो, पण कायद्याच्या भाषेत ती आयात असते. परदेशातून सुट्टीला येणारी भावंडं, जावई, सुना तुमच्याकडे असतील तर त्यांना हे आधीच कळवून ठेवा. त्यांच्याकडे ही वस्तू किराणा दुकानाच्या काउंटरवर मिळते, त्यामुळे ती इथे चालत नसेल हे त्यांच्या डोक्यातही येत नाही. उलट दिशेनेही लक्ष असू द्या. सिंगापूरमध्ये २०१८ पासून ई-सिगारेट जवळ बाळगणं आणि ओढणं हाच गुन्हा आहे, आणि थायलंडमध्येही बंदी आहे. फॅमिली टूरवर गेलेल्या कॉलेजच्या पोराला हे माहीत नसतं.

एक टीका मला मान्य करायलाच हवी. मुन्शी घाटावरून वर गल्लीत आलात की पहिल्या टपरीवर सिगारेट, विडी, खैनी, जर्दा, सगळं कायदेशीर मांडलेलं दिसतं, आणि ज्यात तंबाखू जळत नाही तीच वस्तू तेवढी बंद. मामांनीही हेच ऐकवलं. यात विसंगती आहेच. तंबाखूसाठी आपल्याकडे २००३ चा वेगळा कायदा आहे आणि त्यात विक्रीवर बंदी नाही, बंधनं आहेत. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातले २८.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होते, महाराष्ट्रात २६.६ टक्के आणि उत्तर प्रदेशात ३५.५ टक्के. ई-सिगारेट वापरणारे तेव्हा नगण्य होते. सरकारचं म्हणणं थोडक्यात असं होतं की जे अजून पसरलेलं नाही ते पसरायच्या आत थांबवावं, विशेषतः मुलांमध्ये. जे आधीच पसरलंय त्याचं काय, हा प्रश्न तसाच राहतो. पण मुलांबद्दलची भीती खोटी नव्हती, आणि ती समजून घ्यायला पुन्हा त्या बटणाकडे यावं लागतं.

बटण गेलं आणि मुलं आली

घरात आई-बाबा, आजी-आजोबा म्हणून वाचत असाल तर हा भाग जरा सावकाश वाचा.

सिगारेट ओढणारा मुलगा पूर्वी पकडला कसा जायचा? वासाने. काडेपेटीने. शर्टाला पडलेल्या भोकाने, बोटांच्या पिवळेपणाने. गच्चीवर राखेची बारीक रेघ सापडायची. ई-सिगारेटने यातलं जवळजवळ सगळं पुसून टाकलं. मॅन्युअल बॅटरीत निदान एक खूण उरली होती. जाडसर नळी, तिला बटण, चार्जिंगचा स्क्रू, वेगळी टाकी, द्रवाची बाटली. ते यंत्र आहे हे बघणाऱ्याला कळायचं, आणि चालवायला थोडं शिकावंही लागायचं.

ऑटोमॅटिकमध्ये तेही गेलं. ओढलं की चालू, थांबलं की बंद. मग आकारावर काही बंधनच उरलं नाही. २०१५ मध्ये अमेरिकेत आलेली जूल नावाची ई-सिगारेट हुबेहूब पेन ड्राइव्हसारखी दिसायची आणि लॅपटॉपला लावून चार्ज व्हायची. तिला बटण नव्हतं. चार वर्षांनी, २०१९ मध्ये, तिथल्या राष्ट्रीय पाहणीत हायस्कूलमधल्या २७.५ टक्के मुलांनी मागच्या तीस दिवसांत ई-सिगारेट ओढल्याचं सांगितलं. आपल्या बंदीचा वटहुकूम त्याच वर्षीचा आहे. त्यानंतर तिथे नियम कडक झाले, वय २१ करण्यात आलं, आणि २०२४ पर्यंत शाळकरी मुलांमधलं प्रमाण बरंच खाली आलं. त्या पाच वर्षांत ज्यांना सवय लागली ती मुलं आता विशीत आहेत. माझ्याच वयाची.

अमेरिकेतलं उदाहरण देऊन मी तुम्हाला घाबरवत नाहीये. आपल्याकडे बंदी असली तरी पुणे, मुंबई, नागपूरसारख्या शहरांत ही वस्तू चोरून मिळते, पोलिसांनी साठे पकडल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. आणि चोरून मिळते ती जवळजवळ नेहमी ऑटोमॅटिकच असते, वापरा आणि फेका प्रकारची. रंगीत, गुळगुळीत, हायलायटर पेन किंवा लिपस्टिकसारखी. आंबा, कलिंगड, पुदिना असे वास. मुलाच्या कंपासमध्ये ती दिसली तर तुम्ही स्टेशनरीच समजाल, आणि दोष तुमचा नाही. ती तशीच बनवलेली आहे.

ओळखायचं कसं? तिला एका बाजूला चपटी, तोंडात धरता येईल अशी चोच असते आणि दुसऱ्या टोकाला हवेचं बारीक छिद्र. पेन असेल तर निब असते, पेन ड्राइव्ह असेल तर कॉम्प्युटरला लावल्यावर फाइली उघडतात. यात दोन्ही नाही. खोलीत अचानक फळाचा गोडसर वास येतो आणि पाच मिनिटांत जातो. पोरगं सारखं पाणी पितं, घसा खवखवतो म्हणतं, तासाभरात दोनदा बाथरूमला जातं. यातली एखादी गोष्ट एकटी काहीच सिद्ध करत नाही. परीक्षेच्या दिवसांत कुठलं पोर बाथरूममध्ये जास्त वेळ काढत नाही? उगाच दप्तर उचकून पंचनामा करू नका, एवढीच विनंती.

आणि सापडलीच तर? माझ्या ओळखीच्या एका घरात वडिलांनी ती मुलासमोर हातोडीने फोडली. राग मला समजतो, पण लिथियमची बॅटरी हातोडीने फोडणं म्हणजे घरात आग लावायला निघणं. ती भांडी घासायच्या कट्ट्यावर पेटली आणि सुदैवाने तिथेच विझली. मुलाच्या लक्षात त्या दिवसाची फक्त आग राहिली. त्याला निकोटिनची सवय लागली होती का, रोज किती ओढत होता, कुणाकडून आणत होता, यातलं काही बोललंच गेलं नाही. सवय लागलेली असेल तर पहिले काही दिवस चिडचिड, डोकेदुखी, झोप न येणं हे होणारच. तो उद्धटपणा नसतो, शरीर निकोटिन मागत असतं. फॅमिली डॉक्टरकडे घेऊन जा आणि डॉक्टरांसमोर मुलाला बोलू द्या.

खिशातली चिल्लर

आगीचा विषय निघालाच आहे तर मामांच्या 'मॅन्युअल बरी' याचंही उत्तर देते.

अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २०१७ मध्ये एक अहवाल काढला. जानेवारी २००९ ते डिसेंबर २०१६ या आठ वर्षांत तिथल्या माध्यमांत आलेल्या ई-सिगारेटच्या आगी आणि स्फोटांच्या घटना त्यांनी मोजल्या. एकूण १९५. त्यातल्या ६१ वेळा यंत्र किंवा सुटी बॅटरी खिशात होती, ६० वेळा वापरात होती आणि ४८ वेळा चार्जिंगला. कोट्यवधी लोक वापरत असताना हा आकडा मोठा नाही, हे खरं. पण जखमा कुठे झाल्या असतील ते बघा, मांडीवर आणि तोंडावर.

फोनमध्येही लिथियमच असतं, मग फोन असे का फुटत नाहीत? फोनची बॅटरी चपटी आणि चौकोनी खोक्यात बसवलेली असते. ई-सिगारेटची बॅटरी लांबट नळीत कोंबलेली असते. आत बिघाड होऊन तापमान वाढू लागलं की वायू तयार होतो, नळीला बाकी सगळीकडून पोलाद, तेव्हा तो नळीच्या टोकातून सुटतो, आणि पुढचा तुकडा बंदुकीच्या गोळीसारखा जातो. मोठ्या मॅन्युअल यंत्रांमध्ये तर सुटे सेल घालता-काढता येतात, आणि जास्तीचा सेल माणसं खिशात टाकतात. आता काशीतलं दृश्य डोळ्यांसमोर आणा. घाटावर दान द्यायला आपण खिसाभर चिल्लर सुटी करून नेतो. त्याच खिशात खोलीची किल्ली आणि त्यातच तो सेल. नाणं आणि किल्ली मिळून सेलची दोन टोकं जोडली गेली की शॉर्ट सर्किट झालंच. वर मे महिन्याचं काशीचं ऊन, पाय भाजतील इतक्या तापलेल्या दगडी पायऱ्या.

धर्मशाळेतल्या खोलीत चार्जिंगचा एकच पॉइंट असतो, त्यावर सहा माणसांचे फोन टांगलेले असतात, हेही तुम्हाला माहीत आहे. कुणाचा चार्जर कुणाला लागतो याचा हिशेब नसतो. विमानाचा नियमही याच कारणासाठी आला. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने २०१५ पासून ई-सिगारेट चेक-इन सामानात ठेवायला आणि विमानात चार्ज करायला मनाई केली, कारण पोटात ठेवलेल्या सामानात आग लागली तर ती कुणाला दिसतच नाही. पॉवर बँकही चेक-इन बॅगेत चालत नाही, ती याच लिथियममुळे. ई-सिगारेट तुमच्या घरात कधीच येणार नसेल तरी एवढं पॉवर बँकसाठी लक्षात ठेवा.

मग मामांनी काय करायचं?

काकू, म्हणजे माझ्या मामी, इतका वेळ गप्प बसून पणत्यांच्या द्रोणातली फुलं निवडत होत्या. आम्ही त्यांना काकूच म्हणतो, लहानपणापासूनची सवय. त्यांनी एकच प्रश्न विचारला: "पण त्या यंत्राने सुटते का गं?"

प्रामाणिक उत्तर असं, की काहींची सुटते. उपचारांच्या अभ्यासांचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या पाहणीत निकोटिनच्या गोळ्या-पट्ट्यांपेक्षा निकोटिनवाल्या ई-सिगारेटने सिगारेट सोडणाऱ्यांचं प्रमाण जास्त आढळलं आहे. ब्रिटनच्या सरकारने २०२३ मध्ये दहा लाख धूम्रपान करणाऱ्यांना सिगारेटच्या बदल्यात ई-सिगारेट देण्याची योजनाही जाहीर केली. मामेभाऊ तिथे राहतो, तो तिथलंच शहाणपण सांगत होता. त्याच ब्रिटनने १ जून २०२५ पासून वापरा-आणि-फेका ई-सिगारेट विकायला बंदी घातली, मुलं आणि कचरा या दोन कारणांनी. दोन्ही गोष्टी एकाच देशात एकाच वेळी खऱ्या आहेत. दुसरीकडे, सोडायला म्हणून घेतलेलं यंत्र न सोडणारेही पुष्कळ, आणि दोन्ही ओढणारे त्याहून वाईट. घरी ई-सिगारेट, टपरीवर सिगारेट. मामांना ओळखणारे आम्ही सगळे एकाच अंदाजावर आलो की त्यांचं तसंच झालं असतं.

शिवाय एक धडा २०१९-२० चा आहे. अमेरिकेत ई-सिगारेट ओढणाऱ्यांच्या फुप्फुसांना अचानक गंभीर इजा होऊ लागली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्ण रुग्णालयात दाखल झाले किंवा दगावले, त्यात मृत्यू ६८. मुख्य संशय गांजाच्या अर्काच्या चोरट्या द्रवात मिसळलेल्या व्हिटॅमिन-ई अ‍ॅसिटेटवर गेला. कायदेशीर दुकानातल्या साध्या निकोटिनच्या द्रवावर तो ठपका नव्हता. पण जिथे सगळाच बाजार चोरटा, तिथे आपल्या बाटलीत काय आहे हे कोण सांगणार?

मामांना मी दुसरंच काही दाखवलं. त्यांच्याच हातातलं पाकीट. सिगारेटच्या पाकिटावर त्या भीतीदायक चित्राबरोबर एक नंबर छापलेला असतो: १८००-११-२३५६. तीस वर्षं पाकिटं विकत घेणाऱ्या माणसाने तो कधी वाचला नव्हता. हा तंबाखू सोडवण्यासाठीचा राष्ट्रीय मोफत फोन आहे, दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमधून चालतो. समुपदेशक बोलतात, सोडायची तारीख ठरवून घेतात, नंतर स्वतःहून फोन करतात. मामांनी काशीत तो लावला नाही. नागपूरला आल्यावर आठवड्याने लावला, आणि ते आम्हाला काकूंकडून कळलं.

हृदयाचा पेशंट असल्याने पुढचं सगळं त्यांच्या डॉक्टरांना विचारून झालं. निकोटिनचं च्युइंगगम २ आणि ४ मिलिग्रॅममध्ये मिळतं. ते पानासारखं चघळत राहायचं नसतं, आणि बहुतेकांचं इथेच बिनसतं. दोन-चारदा हळू चावायचं, जिभेला चरचर झाली की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचं, चरचर गेली की पुन्हा चावायचं. अर्धा तास एकच गोळी. त्याआधी पंधरा मिनिटं चहा-कॉफी नाही, कारण तोंडात आम्लता असली की निकोटिन नीट शोषलं जात नाही. मामांसारख्या माणसाला पंधरा मिनिटं चहा नाही हे सिगारेट नाही यापेक्षा अवघड गेलं. आज त्यांची दिवसाला पाकिटाच्या जागी दोन सिगारेटींवर गाडी आली आहे. सुटली असं मी लिहिणार नाही, कारण सुटलेली नाही. एक सकाळी, एक रात्री जेवणानंतर, आणि डॉक्टर त्या दोनवर समाधानी नाहीत.

मामेभाऊ दिवाळीला आला तेव्हा बॅगेत चॉकलेटं होती आणि एक रक्तदाब मोजायचं यंत्र. ते ऑटोमॅटिक आहे, आणि त्याला बटणही आहे. मामांनी यावरही विनोद केलाच.

घरात आधीच असेल तर

शेवटी एक कामाची गोष्ट राहते. पूर्वी कुणी आणलेली किंवा मुलाकडून काढून घेतलेली ई-सिगारेट कपाटात पडून असेल, तर ती कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. घंटागाडीत कचरा दाबला जातो, सेल चिरडला जातो आणि ओल्या-सुक्या कचऱ्याच्या ढिगात आग लागते. ब्रिटनमध्ये बंदीआधी दर आठवड्याला पन्नास लाखांच्या आसपास अशा ई-सिगारेट फेकल्या जात होत्या, असा तिथल्या एका पुनर्वापर संस्थेचा अंदाज होता. त्यातली प्रत्येक एक चार्ज होऊ शकणारी लिथियम बॅटरी होती, जी एकदा वापरून टाकून दिली. नदीत तर मुळीच नको. गंगेत निर्माल्याबरोबर काय काय जातं ते मुन्शी घाटाच्या शेवटच्या पायरीवर उभं राहिलं की दिसतं, त्यात बॅटरीची भर नको. होळीत, शेकोटीत टाकणं म्हणजे फटाकाच.

उघडायचा, द्रव काढायचा, सेल बाहेर काढायचा प्रयत्न करू नका. द्रव त्वचेतूनही शरीरात जातो आणि लहान मुलाच्या पोटात थोडा गेला तरी विषबाधा होऊ शकते, तेव्हा तोवर ती मुलांच्या हाताला लागणार नाही अशा उंच जागी हवी. चार्ज करू नका. धातूची टोकं उघडी दिसत असतील तर त्यांवर साधी चिकटपट्टी लावा. कोरड्या काचेच्या किंवा पत्र्याच्या डबीत ठेवा, उन्हापासून आणि गॅसपासून लांब. जुने फोन, चार्जर, बॅटऱ्या गोळा करणारं ई-कचरा केंद्र बहुतेक मोठ्या शहरांत आहे. महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात विचारलं तर पत्ता मिळतो, काही इलेक्ट्रॉनिक दुकानांतही त्यासाठी पेटी ठेवलेली असते. तिथे देताना आत लिथियमची बॅटरी आहे एवढं तोंडाने सांगा. फुगलेली, गरम लागणारी किंवा गळणारी असेल तर घरात वाट बघत बसू नका, बाहेर मोकळ्या जागी वाळू भरलेल्या बादलीत ठेवा आणि अग्निशमन दलाला १०१ वर फोन करून विचारा.